ओटा उचलला कुणी?

२०२३ सालच्या एप्रिल महिन्यात मी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात माझ्या भाच्याकडे राहायला गेलो होतो. मिनिॲपोलिस शहराच्या एका उपनगरात त्याचे घर आहे. कित्येक महिने साचून राहिलेले हिम नुकतेच वितळले होते आणि अंगणात कोठे कोठे गवत डोके वर काढू लागले होते. भाच्याच्या चार वर्षांच्या मुलीने माझा हात धरला आणि मागच्या दाराने मला बाहेरच्या लाकडी ओट्यावर नेले. "आजोबा, गंमत बघा!" असे म्हणून तिने एक मोठा रबरी चेंडू ओट्याच्या बाहेरच्या कडेजवळ ठेवला. चेंडू क्षणभर थांबला, मग हळूहळू चालू लागला आणि थेट घराच्या दाराशी येऊन टेकला. तिने तो पुन्हा नेऊन ठेवला. पुन्हा तेच!

मुलगी टाळ्या पिटत होती. भाचा मात्र हसत नव्हता. हा ओटा त्याने २०२१ च्या उन्हाळ्यात स्वतःच्या हातांनी बांधला होता आणि बांधताना पाणसळ लावून अगदी सपाट केला होता. दोन हिवाळे गेले आणि ओट्याची बाहेरची कड आपोआप वर आली! आम्ही दोघांनी पाणसळ आणि टेप घेऊन मोजले. घरापासून साडेतीन मीटरांवरची ती कड एका टोकाला ४ सें.मी. आणि दुसऱ्या टोकाला चक्क ७ सें.मी. उचलली गेली होती. घर बांधताना पाया खचला, जमीन दबली, हे आपण ऐकतो. येथे उलटेच घडले होते. एवढा जड ओटा वर उचलला कुणी?

गोष्ट पुढे नेण्यापूर्वी हा ओटा म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. तिकडे त्याला 'डेक' म्हणतात. तुमच्यापैकी काहींनी जुन्या वाड्यातले कडीपाटाचे छत पाहिले असेल. भिंतीपासून भिंतीपर्यंत ओळीने लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या. डेक म्हणजे हेच कडीपाट उघड्यावर आणून ठेवलेले. त्याची एक बाजू घराला टेकलेली असते. घराच्या भिंतीला एक लांब, जाड फळी आडवी बसवतात. तिला आपण आधारफळी म्हणू. कड्यांचे एक टोक या आधारफळीला जोडलेले असते आणि दुसरे टोक बाहेरच्या तुळईवर विसावते. तुळई लाकडी खांबांवर, आणि खांब जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या खुंटांवर. कड्यांवर फळ्या ठोकल्या, कठडा लावला, की झाला डेक. उन्हाळ्यात तेथे बसून जेवायचे, गप्पा मारायच्या. त्या देशात सुतारगवंड्याची मजुरी फार महाग, म्हणून पुष्कळ लोक असली कामे सुट्टीच्या दिवशी स्वतःच करतात. आमचा भाचा संगणकाच्या कामात तरबेज आहे. पण करवत त्याने त्यापूर्वी हातात धरली नव्हती. एका चित्रफितीत पाहून तो सगळे शिकला. त्या चित्रफितीतले गृहस्थ दक्षिणेकडच्या एका उबदार राज्यातले होते आणि त्यांनी खुंटांसाठी दोन फूट, म्हणजे सुमारे ६० सें.मी. खोल खड्डे घेतले होते. भाच्यानेही तेवढेच घेतले. आपल्याकडे मुरमाच्या जमिनीत एवढ्याशा ओट्याला दोन फूट पाया म्हणजे चैनच झाली!

पण मिनेसोटा म्हणजे महाराष्ट्र नव्हे. मिनिॲपोलिसचे जानेवारीतले सरासरी तापमान शून्याखाली ९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. कित्येक रात्री ते शून्याखाली २० अंशांच्याही खाली जाते. अशी थंडी आठवडेच्या आठवडे टिकली की ती हळूहळू जमिनीत उतरते. आधी वरची वीतभर माती गोठते, मग हातभर, मग आणखी खाली. हिवाळ्याच्या अखेरीस जेथपर्यंत माती गोठते त्या पातळीला आपण गोठणरेषा म्हणू. मिनेसोटाच्या बांधकामाच्या नियमांत राज्याचे दोन भाग केलेले आहेत. दक्षिण भागात पाया निदान ४२ इंच (सुमारे १०७ सें.मी.) आणि उत्तर भागात ६० इंच (सुमारे १५२ सें.मी.) खोल गेलाच पाहिजे, असे तो नियम सांगतो. भाच्याचे खुंट यापेक्षा जवळजवळ अर्धा मीटर वरच, गोठणाऱ्या मातीतच बसलेले होते. घराचा पाया मात्र खोल होता, शिवाय घराची ऊब त्याच्याभोवती होती. म्हणून घराकडची बाजू जागच्या जागी राहिली आणि बाहेरची उचलली गेली.

येथवर ठीक. पण गोठलेली माती वर का येते?

मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे. मी लगेच ऐटीत सांगून टाकले, "अरे, सोपे आहे. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. मातीतले पाणी गोठले, माती फुगली, खुंट वर आले!" भाच्याने काही न बोलता कागद-पेन्सिल घेतली. "मामा, समजा एक मीटर खोलीपर्यंत माती गोठली. मातीत कणांमधल्या पोकळ्या ४० टक्के धरू आणि त्या पाण्याने काठोकाठ भरल्या आहेत असे मानू. म्हणजे त्या एक मीटरच्या थरात पाणी किती? ४० सें.मी. त्याचे ९ टक्के म्हणजे ३.६ सें.मी. तेसुद्धा एकूणएक थेंब गोठला आणि सगळी वाढ वरच्याच दिशेने झाली तर! मग माझा ओटा ७ सें.मी. कसा उचलला?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुलांनो, तुम्हीही हा हिशेब एकदा करून पाहा. ९ टक्क्यांचे कारण खोटे नाही. शिगोशिग भरलेली बाटली फ्रीजमध्ये फुटते ती त्यामुळेच. पण येथे ते पुरत नाही.

मग पुस्तके धुंडाळली तेव्हा कळले की माझ्यासारखीच समजूत पूर्वी पुष्कळ जाणकारांचीही होती. स्टीफन टेबर नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ती खोडून काढली. हे गृहस्थ दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात होते. १९२९ आणि १९३० मध्ये त्यांनी आपल्या प्रयोगांवर जे लेख प्रसिद्ध केले ते आजही या विषयाचा पाया मानले जातात. त्यांची युक्ती मोठी छान होती. मातीत पाणी भरण्याऐवजी त्यांनी बेंझीन नावाचा द्रव भरला. बेंझीन साडेपाच अंश सेल्सिअसला गोठते आणि गोठताना ते प्रसरण न पावता आकुंचन पावते. माती उचलली जाण्याचे कारण द्रवाचे प्रसरण हेच असेल, तर बेंझीनने भिजलेली माती गोठल्यावर खाली बसायला हवी. पण ती माती वर आली! म्हणजे ९ टक्क्यांचे प्रसरण हे मूळ कारण नव्हे, हे सिद्ध झाले.

मग मूळ कारण कोणते? गोठलेली माती उभी कापून पाहिली तर उत्तर डोळ्यांनी दिसते. तिच्यात स्वच्छ बर्फाचे आडवे थर असतात, काही कागदासारखे पातळ, काही बोटाएवढे जाड. मध्ये जाड आणि कडेला निमुळते, म्हणून त्यांना बर्फाची भिंगे म्हणतात. ही भिंगे मातीत आधीपासून असलेल्या पाण्याची बनलेली नसतात. त्यांच्यासाठीचे पाणी खालून, न गोठलेल्या ओल्या मातीतून वर ओढून घेतलेले असते.

हे ओढणे कसे चालते ते पाहू. मातीचा कण आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि तो शून्याखालीही काही अंशांपर्यंत गोठत नाही. या पापुद्र्यातले थोडे पाणी बर्फाला जाऊन मिळाले की पापुद्रा आणखी पातळ होतो. आपली जाडी भरून काढण्यासाठी तो खालच्या मातीतल्या बारीक पोकळ्यांमधून पाणी ओढून घेतो. कंदिलाची वात जसे तेल वर ओढते तसेच हे समजा. नवे पाणी आले की त्यातले काही गोठते, पुन्हा पापुद्रा पातळ होतो, पुन्हा ओढ लागते. शिवाय एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या उष्णतेमुळे थंडीची खाली उतरण्याची गती मंदावते, गोठणरेषा तेथेच रेंगाळते आणि भिंगाला जाड व्हायला भरपूर वेळ मिळतो. दर भिंगाबरोबर वरची सगळी माती, आणि त्या मातीवर जे काही उभे असेल ते, वर सरकते.

यात मातीचा प्रकार फार महत्त्वाचा. खडी आणि जाड वाळू यांच्यातल्या पोकळ्या मोठ्या, म्हणून त्यांना पाणी फारसे वर ओढता येत नाही. अगदी चिकण मातीत ओढ खूप, पण तिच्या पोकळ्या इतक्या सूक्ष्म की पाण्याचा प्रवास फार सावकाश होतो. या दोहोंच्या मधली, गाळाची बारीक माती सर्वांत खोडकर! तिच्यात ओढही पुरेशी आणि वाटही मोकळी. तुम्हाला घरी पाहायचे असेल तर दोन पारदर्शक नळ्या घ्या. त्यांच्या खालच्या तोंडांना फडके बांधा. एकीत जाड वाळू आणि दुसरीत वस्त्रगाळ केलेली कोरडी माती भरा आणि दोन्ही शाई घातलेल्या पाण्यात उभ्या ठेवा. दुसऱ्या दिवशी कोठे किती ओल चढली ते मोजा.

भाच्याच्या शेजाऱ्याच्या कुंपणाचे खांबही असेच वर आलेले होते, हलणाऱ्या दातांसारखे. दर वसंतात ते जरा खाली बसतात. पण पूर्ण बसत नाहीत. कारण खांब वर उचललेला असताना त्याच्या बुडाखाली जी पोकळी होते तिच्यात माती सरकून पडते. म्हणजे दर वर्षी थोडी चढाई कायमची. त्या देशाच्या ईशान्य भागातील शेतकऱ्यांना दर वसंतात शेतात नवे दगड वर आलेले दिसतात. ती याच हिवाळ्याची करणी!

तर मग उपाय सरळ आहे, असे तुम्हाला वाटेल. खड्डा गोठणरेषेच्या खाली न्यावा, म्हणजे झाले. पण येथेही नवशिक्याला एक फसवणूक गाठते. खुंटाचे बूड खोल, न गोठणाऱ्या मातीत असले तरी त्याचा वरचा भाग गोठणाऱ्या मातीतूनच जातो. गोठलेली माती खुंटाच्या अंगाला घट्ट चिकटते आणि वर येताना त्यालाही बखोटीला धरून वर ओढते. काँक्रीटच्या एका खुंटावर ही ओढ काही टनांची होऊ शकते, आणि ओट्याच्या वजनापैकी एका खुंटावर येणारा वाटा त्या मानाने फारच थोडा. खड्ड्यात तसेच काँक्रीट ओतले की त्याची बाजू खडबडीत होते. शिवाय खड्डा तोंडाशी रुंद आणि खाली अरुंद खणला गेलेला असतो, कारण हाताने खणताना तसेच होते. काँक्रीट सुकले की अळंबीसारखा आकार तयार होतो आणि त्याच्या छत्रीखाली बर्फाला उचलायला आयती पकड मिळते. भाच्याचा ७ सें.मी. चढलेला खुंट नंतर उकरून काढला तेव्हा तो हुबेहूब अळंबी निघाला! म्हणून जाणकार खड्ड्यात पुठ्ठ्याची गुळगुळीत गोल नळी उभी करून तिच्यात काँक्रीट ओततात आणि बुडाशी खुंट मुद्दाम रुंद करतात. रुंद बूड खालच्या न गोठणाऱ्या मातीत रुतून बसते आणि वरच्या ओढीला दाद देत नाही.

हे वाचून आपल्याकडच्या कुणा स्थापत्य अभियंत्याला काही आठवेल. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तेथे बर्फ नाही. पण घरे उचलली जातात आणि भिंती तडकतात त्या तशाच. त्यावर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात पायाचा एक प्रकार पुढे आणला: जमिनीत साडेतीन मीटरांच्या आसपास, जेथे ओलीचा चढउतार पोहोचत नाही तेथवर जाणारा आणि तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब. एकीकडे बर्फ, दुसरीकडे काळी माती. युक्ती मात्र एकच.

आणखी एक गोष्ट मला फार गमतीची वाटली. अंगणातल्या मोकळ्या जमिनीपेक्षा डेकच्या खालची जमीन जास्त खोल गोठते. का बरे? हिम म्हणजे जमिनीवर पसरलेली गोधडीच. भुसभुशीत हिमात हवा अडकलेली असते आणि तिच्यामुळे जमिनीची ऊब सहजासहजी बाहेर जात नाही. डेकच्या खाली हिम पोहोचत नाही, ते वरच्या फळ्यांवर अडते. म्हणजे आपण ओटा बांधतो आणि ओटा आपल्याच पायावरची गोधडी काढून घेतो! ४२ इंचांचा नियम हा 'निदान एवढे तरी' असा समजावा तो यासाठी.

पायाची चूक मोठी आणि ती दुरुस्त करणे महाग, म्हणून मी तिच्यावर इतका वेळ घालवला. पण ओटा तपासता तपासता दुसऱ्याही गोष्टी उजेडात येऊ लागल्या आणि त्यांतली एक तर सरळ जिवावर बेतणारी होती.

चेंडू जसा दाराकडे येत होता तसे पाणीही येत होते. वितळलेल्या हिमाचे पाणी आधारफळीच्या मागे, भिंतीच्या लाकडाशी जाऊन मुरत होते. भाच्याने आधारफळीच्या वरच्या कडेला पत्र्याची पन्हळपट्टी बसवली नव्हती. एवढीशी पत्र्याची वळवलेली पट्टी, पण तिचे काम मोठे: भिंतीवरून येणारे पाणी फळीच्या मागे न जाता पुढे टाकायचे. लाकूड कुजते ते थंडीने नव्हे, बुरशीने. आणि बुरशीला पाणी लागते. लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर बुरशी सहसा वाढू शकत नाही. फळीच्या मागच्या अंधाऱ्या फटीत मात्र पाणी आठवडेच्या आठवडे सुकत नाही. हिवाळ्यात ते गोठून चिरा रुंद करते आणि उन्हाळ्यात बुरशी त्या चिरांत मुक्काम करते. भाच्याने पेचकस टोचला तर तो अर्धा सें.मी. आत गेला, चांगल्या लाकडात जाईल त्याहून कितीतरी सहज.

त्यात भर म्हणजे आधारफळी नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली होती. खिळा आडव्या धक्क्याला बऱ्यापैकी तोंड देतो. पण त्याच्या लांबीच्या दिशेने ओढले तर तो निसटतो. ज्या दिशेने ठोकला त्याच्या उलट दिशेने खिळा काढणे किती सोपे असते ते हातोड्याच्या मागच्या नखांनी खिळा उपटताना तुम्ही पाहिलेच आहे. बाहेरची कड वर उचलली जात असताना प्रत्येक हिवाळ्यात हे खिळे थोडेथोडे हलत होते. अशी फळी एखाद्या दिवशी वीस माणसे ओट्यावर असताना भिंतीपासून सुटली तर? डेक कोसळण्याच्या अपघातांमध्ये आधारफळी सुटणे हे नेहमी आढळणारे कारण आहे. म्हणून तेथे खिळे चालत नाहीत. भिंतीच्या आतल्या भक्कम लाकडापर्यंत जाणारे जाड बोल्टच हवेत. बांधणीतल्या उणिवांवर गर्दीचा भार पडला की काय होते ते शिकागो शहराने पाहिले आहे. २९ जून २००३ च्या रात्री तेथील एका इमारतीच्या मागचा तिसऱ्या मजल्यावरचा लाकडी सज्जा मेजवानीच्या गर्दीखाली कोसळला आणि १३ जण मृत्युमुखी पडले. भाच्याला मी ही हकीकत सांगितली. त्याने त्याच संध्याकाळी दाराला आतून कडी घातली आणि मुलीला सांगितले की चेंडूचा खेळ आता अंगणात.

ओट्यावर चालताना तो थरथरत असे. याचे कारण कड्यांची उंची. एक फूटपट्टी घ्या. तिची दोन टोके दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्ये बोटाने दाबा. ती सहज वाकेल. आता तीच पट्टी धारेवर उभी करून दाबा. वाकते का? तुळईचा ताठपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो. पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट, तर ताठपणा आठपट! तिकडच्या वखारीत 'दोन बाय सहा' आणि 'दोन बाय आठ' अशा नावांनी कड्या मिळतात. (नावावर जाऊ नका. रंधा मारून झाल्यावर त्यांची उंची प्रत्यक्षात साडेपाच आणि सव्वासात इंचच भरते.) भाच्याने पैसे वाचवण्यासाठी पहिला प्रकार घेतला होता. सव्वासात भागिले साडेपाच, आणि त्याचा घन करा. थोडे जास्त पैसे दिले असते तर ओटा सव्वादोन पटींहून अधिक ताठ झाला असता.

आणि थंड प्रदेशात ओट्यावर माणसेच बसतात असे नाही. नुकतेच पडलेले हिम कापसासारखे हलके असते. एक घनमीटर हिमाचे वजन सुमारे १०० कि.ग्रॅ. किंवा त्याहूनही कमी. ते दबून, थोडे वितळून पुन्हा गोठले की हेच वजन ३०० कि.ग्रॅ.वर जाते. अशा दबलेल्या हिमाचा ६० सें.मी. थर असेल तर दर चौरस मीटरवर १८० कि.ग्रॅ. भार होतो. डेकचा आराखडा करताना माणसे आणि सामान यांच्यासाठी साधारण १९५ कि.ग्रॅ. धरतात, हे लक्षात घेतले म्हणजे हिमाचा बोजा किती ते कळेल. त्यातून उतरत्या छपरावरचे हिम एकदम घसरून डेकवरच कोसळते, ते वेगळे.

फळ्यांमधल्या फटींची तऱ्हा आणखी निराळी. कुजू नये म्हणून औषधी द्रावण दाबाने भरलेले लाकूड वखारीतून येते तेव्हा ते चांगलेच ओले असते. सुकताना लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही. रुंदीत मात्र आटते. आपल्या भाच्याने या ओल्या फळ्या पाच-पाच मिलिमीटरांची फट ठेवून बसवल्या. सुकल्यावर फटी एक सेंटिमीटरच्या झाल्या आणि आमच्या बहिणीने पाठवलेल्या चकल्यांचे तुकडे त्यांतून खाली जाऊ लागले. ओल्या फळ्या एकमेकींना चिकटवूनच बसवायच्या असतात. सुकताना त्या आपली फट आपणच करतात. सुकलेले लाकूड आणले तर मात्र उलट. ते ओल शोषून फुगते, म्हणून तेथे फट ठेवावीच लागते. नाहीतर पाणी अडते आणि गोठते.

स्क्रूंचीही अशीच कथा. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपर्यंत घरगुती लाकडासाठी आर्सेनिक असलेले द्रावण वापरीत. ते थांबल्यावर आता तांब्याचे प्रमाण जास्त असलेली द्रावणे वापरतात. लिंबात तांब्याची तार आणि जस्ताची पट्टी खोचून तुम्ही विद्युतघट केला असेल. ओले लाकूड म्हणजे ते लिंबू! त्यात तांबे आहेच आणि जस्ताचा पातळ मुलामा दिलेला साधा स्क्रू ही दुसरी पट्टी. काही वर्षांत जस्त संपते आणि मग लोखंडाची पाळी येते. जाड जस्तलेप दिलेले किंवा गंज न चढणारे पोलादी स्क्रू महाग असतात खरे. पण तेथे काटकसर करू नये.

ओटा शेवटी मोकळा करून नव्याने बांधायचा ठरला. गेल्या खेपेस भाच्याने नगरपालिकेचा परवाना घेण्याची तसदीच घेतली नव्हती. या वेळी तो रीतसर घेतला. खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन केला, तेव्हा जमिनीखालच्या गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्या कोठून जातात त्याच्या खुणा माणसे येऊन अंगणात करून गेली. यासाठी पैसे पडत नाहीत. एक खड्डा तर गॅसच्या नळापासून हातभर अंतरावर निघाला! २०२१ मध्ये फोन न करता खणले तेव्हा केवळ नशीब बलवत्तर होते. खड्डे तयार झाल्यावर काँक्रीट ओतण्यापूर्वी नगरपालिकेचा निरीक्षक येतो, टेप खाली सोडतो आणि मोजतो. भाच्याने ५० इंच खणले होते. निरीक्षकाने मान डोलावली आणि तळाशी साचलेली मोकळी माती तेवढी काढून टाकायला सांगितली.

मी तोवर पुण्याला परतलो होतो. पुढचे सगळे त्याने फोनवर सांगितले. नोकरी सांभाळून काम करायचे, त्यामुळे काँक्रीट ओतायला ऑक्टोबरची अखेर उजाडली. रात्री तापमान शून्याखाली जाऊ लागले होते. सिमेंट घट्ट होते ते वाळल्यामुळे नव्हे, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे; आणि ही क्रिया थंडीत फार मंदावते. पहिल्याच दिवशी काँक्रीटमधले पाणी गोठले तर काँक्रीटची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. पण या क्रियेत काँक्रीट स्वतःही उष्णता बाहेर टाकत असते. ती उष्णता तेवढी राखून ठेवायची. भाच्याने खुंटांवर प्लास्टिक पसरले, त्यावर पेंढा टाकला. तरीही एक खुंट उघडा राहिला. तेव्हा घरात जाऊन त्याने आईने पाठवलेली गोधडी आणली आणि त्या खुंटाला तीन रात्री पांघरून ठेवली.

खुंट छान घट्ट झाला. गोधडीचे काय झाले ते त्याने आमच्या ताईला अजून सांगितलेले नाही.